टॉर्क कन्व्हर्टरची बैठक

कोयना धरणाच्या पायथ्याच्या जलविद्युतगृहांत टर्बाइन फिरवून बाहेर पडलेलें पाणी पाटणवरून वाहत कराडास येतें आणि तेथें कृष्णेला मिळतें. थोडें पुढें, टेंभूच्या बंधाऱ्यापाशीं, त्यांतलें कांहीं पाणी पंपांच्या हातीं लागतें व टप्प्याटप्प्यानें वर चढून सातारा, सांगली आणि सोलापूर जिल्ह्यांच्या दुष्काळी मुलुखाकडे जाऊं लागतें. एका ठिकाणीं पाणी चक्राला फिरवतें, दुसऱ्या ठिकाणीं चक्र पाण्याला ढकलतें. या दोन्ही क्रिया समोरासमोर आणून एका बंद डब्यांत कोंडल्या म्हणजे जें यंत्र तयार होतें, त्याचें नांव टॉर्क कन्व्हर्टर. आपोआप गिअर बदलणाऱ्या पुष्कळ मोटारींत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्यें तें बसलेलें असतें.

हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्यानें १९०५ सालीं या युक्तीचें पेटंट घेतलें. त्याच्यापुढचा प्रश्न मोटारीचा नव्हता, जहाजाचा होता. वाफेचें टर्बाइन फार वेगानें फिरे. जहाजाचा पंखा मात्र सावकाश फिरला तरच नीट काम देई. या दोघांचा मेळ त्यानें द्रवाच्या मध्यस्थीनें घातला. मोटारींत ही युक्ति पुढें आली. अमेरिकेंतील ब्यूइक मोटारींना १९४८ सालीं असा कन्व्हर्टर मिळाला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं वसवलेल्या किर्लोस्करवाडीच्या आसपास, जेथें पंप ही रोजच्या पाहण्यांतली वस्तु आहे, तेथें तरी या यंत्राचें अंतरंग समजण्यास अवघड जाऊं नये.

कन्व्हर्टरच्या डब्यांत पाण्याऐवजीं तेल असतें. इंजिनाबरोबर फिरणारें पंपचक्र तें तेल समोरच्या टर्बाइनवर फेकतें. टर्बाइन फिरतें आणि गिअरबॉक्सचा आंस फिरवतें. परत येणारें तेल पंपचक्राला उलट अडवूं लागेल, म्हणून मध्यें स्टेटर नांवाचें तिसरें चक्र असतें. तें तेलाची दिशा वळवतें. त्यामुळें गाडी जागेवरून हलतांना आंसाला पीळ देणारा जोर सुमारें दुप्पट होतो. खंबाटकीच्या चढावर गाडी थांबवून पुन्हा चालू करणाराला या जोराची किंमत कळते. चौकांत गाडी उभी असतां इंजिन बंद पडत नाहीं, याचेंही कारण हेंच: मध्यें केवळ तेल आहे, लोखंडाची गांठ नाहीं.

असा गिअरबॉक्स खराब झाला, कीं तो उघडून, झिजलेल्या तबकड्या व सीलें बदलून पुन्हा जुळवितात. खर्च मोठा असतो आणि श्रम कित्येक दिवसांचे. हें सारें पाण्यांत घालण्याची शक्ति मात्र अखेरच्या थोड्या मिनिटांच्या कामांत असते. तें काम म्हणजे कन्व्हर्टर जागेवर बसविणें.

कन्व्हर्टरच्या पोटांत एकामागें एक तीन जोड जुळावे लागतात. टर्बाइनचे दाते गिअरबॉक्सच्या आंसावर बसले पाहिजेत. स्टेटरचे दाते त्याच्या स्थिर नळीवर बसले पाहिजेत. आणि कन्व्हर्टरच्या मानेवरच्या खाचांत तेलाच्या पंपाचें चाक अडकलें पाहिजे. यांपैकीं एकही जोड डोळ्यांना दिसत नाहीं. जाणता मिस्त्री प्रथम कन्व्हर्टरमध्यें थोडें नवें तेल ओततो, मानेला व सीलाला तेल लावतो, आणि मग तो जड डबा दोन्ही हातांनीं सरळ धरून हळूहळू फिरवीत आंत सरकवतो. प्रत्येक जोड जुळतांना डबा थोडा आंत उतरतो व हाताला हलका धक्का जाणवतो. एक, दोन, तीन. दोन धक्क्यांवर ज्याचें समाधान झालें, तो फसला. म्हणून नंतर घराच्या तोंडावर सरळ पट्टी आडवी धरून कन्व्हर्टर किती आंत गेला तें मोजतात आणि उत्पादकाच्या पुस्तकांतल्या आंकड्याशीं ताडून पाहतात.

बैठक अपुरी राहिली आणि गिअरबॉक्स इंजिनाला लावला, तर दोघांच्या तोंडांत फट राहते. येथें मोह होतो: पाना घ्यावा आणि बोल्टच्या जोरानें ती फट मिटवावी. फट मिटते खरी, पण आंत कन्व्हर्टर तेलाच्या पंपावर दाबला जातो. पंपाचें चाक तुटतें, कधीं त्याचें घरही तडकतें. मग तेलाला दाब मिळत नाहीं, आणि नव्या तबकड्या पहिल्याच फेरींत जळून जातात. उलट, बैठक नीट असेल तर दोन्ही तोंडें हाताच्या जोरानेंच मिळतात. कन्व्हर्टर हातानें मोकळा फिरतो. आणि तो इंजिनाच्या पातळ तबकडीला जोडण्यापूर्वीं मध्यें थोडें अंतर, बहुतेक गाड्यांत ३ ते ५ मिलिमीटर, शिल्लक राहतें.

आणखी एक गोष्ट. जुना गिअरबॉक्स जळला असेल, तर त्याचा कीस जुन्या कन्व्हर्टरच्या पोटांत आणि तेल थंड करणाऱ्या नळ्यांत सांचलेला असतो. तो तसाच ठेवून नवे भाग बसविणें म्हणजे धुतलेल्या हंड्यांत गढूळ पाणी भरणें होय.

म्हणून सातारा असो वा सांगली, गाडी परत घेतांना मालकानें तीन प्रश्न अवश्य विचारावे. कन्व्हर्टर बदलला कीं उघडून साफ केला? तेलाच्या नळ्या धुतल्या काय? आणि बोल्ट आवळण्यापूर्वीं कन्व्हर्टर हातानें मोकळा फिरत होता काय? चांगल्या मिस्त्रीला या प्रश्नांचा राग येत नाहीं. तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर तो बहुधा हातानें फिरवल्याची खूण करूनच देतो.