व्हीएम थांबली, पण लॉग कोरा

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघातली वाक्यं बहुतेक तशीच ठेवली आहेत.)

हेडफोन लावलेत ना? आज मी माझीच एक चूक सांगणार आहे. विषय थोडा टेक्निकल आहे, पण सर्व्हरच्या खोलीत कधी पाऊल न टाकलेल्यांनाही कळेल असं सांगतो.

मी पुण्यात एका क्लाउड कंपनीत काम करतो. आमच्याकडून लोक जीपीयू असलेलं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, भाड्याने घेतात. गेल्या वर्षी पीएचडी करणाऱ्या एका मुलीचं तिकीट माझ्याकडे आलं. रात्री मॉडेलचं ट्रेनिंग लावून झोपले, सकाळी लॉगिनच होत नाही, एवढंच लिहिलं होतं. मी बघितलं तर व्हीएम 'पॉज्ड' होती. बंद करून परत चालू केली, चालली. तिकीट क्लोज. शेरा काय मारला? "तुमच्या मशीनमधला ड्रायव्हर तपासा."

चार दिवसांनी पुन्हा तेच झालं. मीही पुन्हा तेच केलं.

तिसऱ्या वेळी तिचा फोनच आला. २६ तासांचं ट्रेनिंग वाया गेलं होतं आणि पेपर पाठवायला तीन दिवस उरले होते. मी माझं ठरलेलं वाक्य टाकलं, "मॅडम, ड्रायव्हरचा प्रॉब्लेम दिसतोय." ती शांतपणे म्हणाली, "सर, ड्रायव्हर पडला असता तर माझ्या लॉगमध्ये एक तरी ओळ आली असती ना? माझा लॉग मधेच तुटलाय. शेवटच्या ओळीपर्यंत सगळं व्यवस्थित आहे."

मी गप्प. कारण तिचं बरोबर होतं.

आता हे असं का होतं ते बघू. सोसायटीत सगळ्यांना टाकीतून पाणी येतं. समजा एका फ्लॅटला थेट मेन लाइनवरून नळ दिला. प्रेशर एकदम भारी! पण पाइप अजूनही सोसायटीच्या भिंतीतच आहे. गळती सुरू झाली तर फ्लॅटवाल्याला भिंतीच्या आतलं दिसत नाही, आणि पाणी जातं त्याचं.

जीपीयू पासथ्रू म्हणजे असाच थेट नळ. लिनक्समध्ये हे काम व्हीएफआयओ नावाची यंत्रणा करते. ती २०१२ मध्ये कर्नलमध्ये आली. कार्ड व्हीएमच्या हवाली होतं, म्हणजे आतली ऑपरेटिंग सिस्टीम, जिला आपण गेस्ट म्हणतो, ती कार्डाशी जवळपास थेट बोलते. कार्डसुद्धा गेस्टच्या मेमरीत स्वतः डेटा लिहितं. म्हणूनच स्पीड मिळतो.

पण कार्ड बसलेलं असतं खऱ्या मशीनच्या, म्हणजे होस्टच्या, पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये. तिथे काही बिघडलं की एररचा निरोप होस्टच्या रूट पोर्टकडे जातो. गेस्टला दिसतो तो रूट पोर्ट खोटा, क्यूईएमयूने बनवलेला. मग खरा निरोप त्याच्यापर्यंत पोचणार कसा?

या एरर तीन प्रकारच्या असतात. पहिली करेक्टेबल. डेटाचं पाकीट खराब आलं, हार्डवेअरने ते परत मागवलं, काम पुढे चालू. गेस्टला पत्ताही लागत नाही. दुसरी अनकरेक्टेबल नॉनफेटल, म्हणजे एखादा व्यवहार बुडाला पण लिंक शाबूत आहे. तिसरी फेटल. तिथे लिंकवरच भरवसा उरत नाही.

अनकरेक्टेबल एरर आली की होस्ट क्यूईएमयूला इशारा देतो आणि क्यूईएमयू अख्खी व्हीएम जागच्या जागी थांबवतो. ऐकायला क्रूर वाटतं, पण विचार करा. कार्ड थेट मेमरीत लिहितंय आणि आता त्याच्यावर विश्वास नाही. चुकीच्या आकड्यांवर रात्रभर ट्रेनिंग चालू राहण्यापेक्षा थांबलेलं बरं.

मग गेस्टलाच का कळवत नाहीत? तसे पॅचेस क्यूईएमयूसाठी लिहिले गेले होते. अडचण रिकव्हरीची आहे. सावरायला बस रिसेट लागतो. होस्ट आपल्या परीने रिसेट करतो, गेस्टही करू बघतो, आणि दोघांचे हात एकाच कार्डावर. मेमरीच्या बाबतीत हे सोपं आहे. रॅमचं एखादं पान खराब झालं तर ती बातमी गेस्टपर्यंत पोचवता येते, आणि बऱ्याचदा ते पान वापरणारा एकच प्रोग्रॅम मारून बाकी मशीन चालू राहतं.

तर फोन ठेवला आणि पहिल्यांदा होस्टचा लॉग उघडला. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. तिच्या कार्डाच्या नावाने नऊ दिवस करेक्टेड एररच्या ओळी पडत होत्या. आधी दिवसाला दोन-चार, मग शेकड्यांनी. भिंत नऊ दिवस ओली होती. क्यूईएमयूच्या लॉगमध्ये तर स्पष्ट लिहिलं होतं की न सावरणारी एरर आली आहे, जमेल तो डेटा गोळा करा आणि गेस्ट बंद करा. मी तीनही वेळा ते न वाचता बंद-चालू करून मोकळा झालो होतो.

तिला लगेच दुसऱ्या होस्टवर हलवलं. कार्ड काढून बघितलं तर स्लॉटमध्ये नीट बसलेलंच नव्हतं. घट्ट बसवल्यावर एरर थांबल्या.

यानंतर आम्ही तीन गोष्टी बदलल्या. एक, लिनक्स प्रत्येक कार्डासाठी करेक्टेबल, नॉनफेटल आणि फेटल असे वेगवेगळे काउंटर ठेवतं. ते आता दर मिनिटाला वाचतो. करेक्टेबलचा आकडा वाढायला लागला की अलर्ट येतो. दोन, अलर्टमध्ये कोणतं कार्ड कोणत्या ग्राहकाच्या व्हीएमला दिलंय हेही येतं, आणि त्या ग्राहकाला मेल जातो. यंत्र निरोप देत नसेल तर माणसाने द्यायचा. तीन, एररने थांबलेली व्हीएम तिथेच परत चालू करायची नाही. आधी मेमरीचा डंप घ्यायचा, कार्ड बाजूला काढायचं, आणि व्हीएम दुसऱ्या होस्टवर चालू करायची.

आणि तुम्ही असं मशीन भाड्याने घेत असाल तर ट्रेनिंगचे चेकपॉइंट ठेवाच, आणि ते त्या व्हीएमच्या बाहेर ठेवा. पासथ्रू कार्ड लावलेली व्हीएम सहसा चालू असताना दुसरीकडे हलवता येत नाही. सपोर्टवाला "तुमच्याच बाजूने प्रॉब्लेम आहे" म्हणाला तर त्याला सरळ विचारा, "होस्टचा लॉग बघितलात का?"

मी तिला माफीचा मेल लिहिला, सगळं कारण सांगून. उत्तर आलं, "ओके सर, थँक्यू. म्हणजे ड्रायव्हर ठीक होता." एवढंच. पेपर वेळेत गेला का, हे मी विचारलं नाही. खरं सांगू? विचारायची हिंमत झाली नाही.

चला, आज इथेच थांबतो. तुमच्याकडेही असा एखादा घाईत बंद केलेला तिकिटाचा किस्सा असेल तर नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!