खाडीतली पिलं आणि मोरिवलीचं पाणी



सागरी अभयारण्यांवरची परिषद अंबरनाथच्या मोरिवली औद्योगिक वसाहतीत कशासाठी, असं मला अनेकांनी विचारलं. काकोळ्याच्या डोंगरात उगम पावणारी वालधुनी नदी शके 982चा शिलालेख मिरवणाऱ्या अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून वाहते, उल्हासनगर ओलांडते आणि कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. उल्हासचा मुख्य प्रवाह वसईच्या खाडीकडे जातो आणि एक चिंचोळी वाट ठाणे खाडीला जोडते. इथल्या गटारात सोडलेलं पाणी या खाड्यांत पोचतं, म्हणून इथे.

या खाड्यांत काय घडतं? कोळंबी अंडी घालते समुद्रात, पण तिची पिलं भरतीच्या पाण्याबरोबर खाडीत शिरतात. बोयची पिलंही तशीच येतात. जिताडा खाडीच्या मुखाशी अंडी घालतो आणि त्याची पिलं थेट गोड्या पाण्यापर्यंत चढतात. तिवरांच्या मुळांत मोठा मासा शिरू शकत नाही, गढूळ पाण्यात शिकाऱ्याला दिसत नाही, कुजलेल्या पानांवर वाढलेलं बारीक खाद्य मुबलक असतं. पिलं अंगाने भरली की पुन्हा समुद्राकडे वळतात. आपल्या ताटातल्या माशाचं बालपण असं कांदळवनात जातं.

ठाणे खाडीला 2015मध्ये रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्याचा दर्जा मिळाला, 2022मध्ये रामसर स्थळाचा. मला त्याचा मनापासून आनंद आहे. मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांना दिलेलं संरक्षणही मोलाचं आहे. पण झाड उभं राहिलं आणि त्याच्या मुळांशी प्राणवायू नसलेलं पाणी आलं, तर पिलू जगत नाही. नोव्हेंबर 2014मध्ये वालधुनीत ओतलेल्या रसायनाच्या वायूने उल्हासनगरात शेकडो माणसांचा श्वास कोंडला. त्याची बातमी झाली, कारण ती माणसं होती. मोठे मासे मरून तरंगले तरी बातमी होते. नखाएवढी पिलं मेली तर कोणाला दिसत नाहीत. पुढच्या हंगामात डोल जाळ्याचा खोला हलका येतो आणि कोळ्यालाच विचारतात, तू जास्त मासेमारी केलीस का?

राज्याने 2023मध्ये 54 जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवला. लहान मासा धरू नये, हे योग्यच. मात्र तो लहानपणीच विषाने मरू नये, याची जबाबदारी जाळं टाकणाऱ्यावर नसते, नळ सोडणाऱ्यावर असते.

पिलांसाठी पाणी राखून ठेवायचं, तर मालवणचा अनुभव पाहावा लागेल. तिथलं सागरी अभयारण्य 1987 सालचं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा गाभा जेमतेम 3.18 चौरस किलोमीटरचा, तरीही मच्छीमारांचा विरोध वर्षानुवर्षं राहिला. त्यांच्या पोटाचा प्रश्न होता आणि तो मला रास्त वाटतो. उल्हासच्या मुखाशी पिलांसाठी राखीव पाणी ठरवायचं असेल, तर रेषा कोळ्यांनी आखावी. कुठल्या चिखलात कधी पिलं येतात, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

म्हणून या परिषदेपुढे माझे दोन ठराव आहेत. उल्हासच्या मुखाशी कोळीवाड्यांच्या संमतीने हंगामी बंदीचे पट्टे ठरावेत. आणि मोरिवलीपासून कल्याणपर्यंत वालधुनीच्या पाण्याची तपासणी कारखान्यांच्या प्रतिनिधींबरोबर मच्छीमार सहकारी संस्थांनी करावी, नमुना दोघांच्या समोर घ्यावा आणि त्यातला प्राणवायूचा आकडा दर आठवड्याला कोळीवाड्याच्या फलकावर लागावा. हे ठराव मी आपल्यासमोर मतासाठी ठेवतो.