भाषा बदलली आणि फॉर्म रिकामा झाला

दोंडाईच्यातून बोलतोय. आजचा विषय मोबाईलवर भरायच्या फॉर्मचा.

मागे वडील एका योजनेचा अर्ज भरत होते. फॉर्म उघडला इंग्रजीत. नाव, पत्ता, गट नंबर कसंबसं भरलं. एका प्रश्नाला अडले, म्हणून वरचं 'मराठी' बटण दाबलं. पान मराठीत आलं, पण भरलेलं सगळं गायब! वडील म्हणाले, "राहू दे, कॅफेत जाऊ." अर्धा दिवस गेला, पैसे गेले ते वेगळेच. आणि त्यांना वाटलं, चूक आपलीच.

चूक त्यांची नव्हती. आपला ब्राउझर प्रत्येक साइटला सांगत असतो, याला कुठली भाषा हवी. त्याला म्हणतात ॲक्सेप्ट-लँग्वेज. ती येते फोन किंवा ब्राउझरच्या सेटिंगमधून. आणि वडिलांचा फोन दुकानदारानंच इंग्रजीत चालू करून दिलेला! म्हणजे हा झाला नुसता अंदाज. गावावरूनही भाषा ठरवू नका. आमच्या मिरची मार्केटला या, अहिराणी, मराठी, हिंदी, गुजराती सगळं कानावर पडेल.

तुमच्यापैकी जे फॉर्म बनवतात, त्यांच्यासाठी चार गोष्टी.

एक, भाषा सुरुवातीलाच विचारा. बटणावर 'मराठी' हे मराठीतच लिहा. निवड लक्षात ठेवा, पुढच्या वेळी परत विचारू नका.

दोन, भाषा बदलली तरी भरलेली माहिती जागेवर राहिली पाहिजे. डेटाबेसमध्ये 'होय' किंवा 'यस' असा शब्द ठेवू नका, त्याचा एकच कोड ठेवा. दाखवताना भाषा बदला.

तीन, चुकीची सूचनाही त्याच भाषेत द्या. फॉर्म मराठीत आणि लाल अक्षरातली ओळ इंग्रजीत, याचा काय उपयोग? मराठी कीबोर्डवरून कुणी ९८ टाकलं, तर जावास्क्रिप्टची अंक तपासायची नेहमीची पद्धत ते अंक धरतच नाही. आधी अंक बदलून घ्या, मग तपासा.

चार, पानाला भाषेचा कोड द्या. मराठीचा 'एमआर'. हिंदीची लिपीही देवनागरीच, त्यामुळे कोड नसला तर स्क्रीन रीडर मराठी मजकूर हिंदी आवाजात वाचू शकतो. आणि हो, आपल्या अहिराणीलाही आंतरराष्ट्रीय कोड आहे, 'एएचआर'. कोड आहे, फॉर्म मात्र मला अजून दिसला नाही!

आज एक काम करा. तुमचाच फॉर्म अर्धा भरा आणि भाषा बदलून बघा. रिकामा झाला, तर आधी तो दुरुस्त करा. कुणाचे तरी वडील तो भरत असतील.

भेटू पुढच्या भागात.