गुरूंचा मतभेद, गुरूंचीच प्रस्तावना

परदेशी शिकायला निघालेल्या मुलाला आपण हमखास सांगतो, 'आपण बरे, आपला अभ्यास बरा. तिथल्या राजकारणात पडू नकोस.' मीही हे अनेकांना सांगितले आहे. पण एका पुस्तकाची प्रस्तावना वाचल्यापासून सांगताना जीभ अडखळते.

ते पुस्तक म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये. तिथल्या डी. एस्सी.च्या प्रबंधाचे हे पुस्तक १९२३ मध्ये लंडनमध्येच प्रसिद्ध झाले.

सरकारने रुपया विनिमय दराच्या दोरीने सोन्याशी बांधला होता. केन्ससारख्या अर्थतज्ज्ञाने १९१३ च्या ग्रंथात या पद्धतीची पाठराखण केली होती. आंबेडकरांचा आक्षेप असा, की इथे रुपये पाडण्यावर सरकारला लगाम राहत नाही आणि रुपयाची देशातली खरेदीशक्ती घसरते. पारतंत्र्यातल्या देशाचा विद्यार्थी राज्यकर्त्यांच्या राजधानीत हे लिहीत होता!

प्रस्तावना लिहिली प्राध्यापक एडविन कॅनन यांनी. यातली बरीचशी टीका आपल्याला मान्य नाही, असे त्यांनी सरळ नोंदवले. मात्र लेखक चुकतो असे वाटले तिथेही विचारांचा ताजेपणा जाणवला, असेही लिहिले. पुढे १९२५ मध्ये सरकारनेच नेमलेल्या हिल्टन यंग आयोगाने आंबेडकरांची साक्ष घेतली. धोरणाच्या टीकाकाराला धोरण ठरवणाऱ्यांपुढे बसायला खुर्ची मिळाली.

साम्राज्य उदार होते, असे मी म्हणत नाही. पण बाहेरून आलेल्या अभ्यासकाला घरच्यांच्या नजरेतून सुटलेले दिसते, आणि तो बोलला तरच त्याचा उपयोग होतो. २०२५ मध्ये अमेरिकेत एका परदेशी संशोधक विद्यार्थिनीचा व्हिसा रद्द करून तिला ताब्यात घेण्यात आले. विद्यापीठाच्या विद्यार्थी-वृत्तपत्रातल्या एका लेखाची ती सहलेखिका होती. काही आठवड्यांनी न्यायालयाच्या आदेशाने ती सुटली. पण तिचे पाहून किती जणांनी लेखणी खाली ठेवली असेल, हे कोण मोजणार?

म्हणून 'बिनधास्त बोल' असेही मी मुलांना सांगू शकत नाही. किंमत त्यांना मोजायची असते. जबाबदारी यजमानाची आहे. पुण्यातही आफ्रिकेतून, अफगाणिस्तानातून विद्यार्थी येतात. आपल्या धोरणांत काय चुकते, असे आपण त्यांना कधी विचारले आहे का? आणि त्यांनी सांगितलेच, तर न पटणाऱ्या मताला प्रस्तावना लिहिण्याइतके आपले मन मोठे आहे का?