हात न हलवितां

मानेजवळ पाठीच्या कण्याला जबर इजा झाली म्हणजे मनुष्याचे हातपाय निकामी होतात. परंतु ते हलविण्याची आज्ञा देणारा मेंदू बहुधा शाबूत असतो. तारऑफिस चालू, पण तार वाटेंतच तुटलेली, अशी ही अवस्था होय. ती आज्ञा मेंदूपाशींच टिपून परभारें यंत्राला पोंचवितां येईल काय? ज्याला स्वतःच्या हातानें पाण्याचा पेलाहि धरतां येत नाहीं, त्याच्या दृष्टीनें हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हे.

जर्मनींतील येना येथें हान्स बर्गर यांनीं १९२४ सालीं मानवी मेंदूच्या विद्युत्-लहरी प्रथम टिपल्या. डोक्याच्या कातडीवर धातूच्या चकत्या लावून मिळणाऱ्या या लहरी इतक्या सूक्ष्म असतात कीं, त्या व्होल्टच्या दशलक्षांशांनीं मोजाव्या लागतात. हालचालीचें नियमन करणाऱ्या भागावर, हात स्वस्थ असतां, सेकंदाला सुमारें ८ ते १३ आंदोलनांची एक लय चालू असते. हात हलूं लागला कीं ती ओसरते. आणि नवल हें कीं, हात न हलवितां तो हलविल्याची नुसती कल्पना केली, तरीहि ती ओसरते. उजव्या हाताची कल्पना केल्यास हा फरक मुख्यतः मेंदूच्या डाव्या बाजूस दिसतो. ऑस्ट्रियांतील ग्राझ येथें गेर्ट फुर्टशेलर यांनीं या फरकाचा बारकाईनें अभ्यास केला. अमेरिकेंत जोनाथन वोल्पॉ व त्यांचे सहकारी यांनीं १९९१ सालीं याच लयीच्या चढउतारानें संगणकाच्या पडद्यावरील खूण हलवून दाखविली.

मग ही कल्पना करावी कशी? श्रोत्यांनीं क्षणभर डोळे मिटून उजवी मूठ वळल्याची कल्पना करावी. बहुतेकांच्या मनापुढें प्रथम मुठीचें चित्र येईल. तेवढ्यानें भागत नाहीं. मूठ वळतांना बोटांना जो ताण जाणवतो, तो आंतून अनुभवणाऱ्याची कल्पना यंत्राला अधिक स्पष्ट ओळखतां येते, असें ग्राझच्या २००५ सालच्या प्रयोगांत आढळलें. येथें बळाचाहि उपयोग नाहीं. दांत आवळून, कपाळाला आठ्या घालून जोर केला, तर त्या स्नायूंची वीज मेंदूच्या लहरींना झांकून टाकते.

अवधान हें या विद्येचें दुसरें अंग. बिन हे यांच्या प्रयोगशाळेनें २०२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, आठ आठवडे ध्यानाचे धडे घेतलेल्यांची प्रगति इतरांहून अधिक झाली. विशेषतः मन स्वस्थ करून खूण हलविण्याच्या कामीं. लय ओसरविणें जसें शिकावें लागतें, तसें तिला पुन्हां येऊं देणेंहि शिकावें लागतें. पडद्यावरील खूण प्रत्येक यत्नाचें फळ तत्काळ दाखविते, आणि यंत्रहि त्या माणसाच्या लहरी ओळखावयास शिकतें. तथापि हें सर्वांना सारखें साधत नाहीं. कांहींना पुष्कळ सरावानंतरहि अल्पच यश येतें.

साधतें तेव्हां काय घडतें, याचें वर्णन ग्राझच्या संशोधकांनीं २००३ सालीं प्रसिद्ध केलें. हातपाय लुळे पडलेल्या एका गृहस्थानें, पाय हलविण्याची कल्पना करून, मेंदूंत विशिष्ट लहरी उठविण्याचा अभ्यास केला होता. त्या ठराविक मर्यादेपलीकडे गेल्या कीं यंत्र त्याच्या हाताच्या स्नायूंना विजेनें चेतवी, आणि बोटें क्रमाक्रमानें उघडत व मिटत. मनांत पाय हलला, आणि प्रत्यक्षांत मूठ वळली. दुसऱ्या कोणाची मदत न घेतां त्यानें त्याच हातानें पेला धरला.