फाटके जोडे आणि मराठी कोश
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवात विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांला विषय दिला तो असा : 'ख्रिस्ती माणसाचे रोजचे काम – उद्योग व नम्रता'. आम्ही मुसलमान, पेशाने शाळामास्तर. हा विषय पाद्रीसाहेबांकडे जायला हवा होता, असे आम्ही म्हटले. त्यावर ते म्हणाले, "पाद्रीसाहेब दर रविवारी बोलतातच. तुम्ही तुमच्या वर्गातले सांगा." तेव्हा व्याकरण आणि कोश, ज्यांच्यावाचून आमचा वर्ग चालत नाही, त्यांच्याच वाटेने आम्ही या विषयात शिरतो.

मराठीचे इंग्रजीतून लिहिलेले व्याकरण १८०५ साली छापून निघाले, आणि मराठी कोश १८१० साली. ही पुस्तके पुण्यामुंबईत निघाली नाहीत. ती निघाली बंगालमध्ये, हुगळीकाठच्या श्रीरामपुरात. कर्ता विल्यम कॅरी. इंग्लंडातील नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यातल्या एका खेड्यात १७६१ साली त्याचा जन्म झाला, आणि पोटाचा धंदा म्हणून तो जोडे शिवण्याचे काम शिकला. पुढे तो कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली, संस्कृत व मराठी शिकवू लागला. तेव्हाची एक गोष्ट सांगतात. मोठ्या साहेबांच्या मेजवानीत कोणा अंमलदाराने, कॅरीला ऐकू जाईल अशा बेताने, हा पूर्वी जोडे शिवणारा होता ना, असे विचारले. कॅरीने त्याची चूक दुरुस्त केली : शिवणारा नव्हे, नुसता फाटलेले सांधणारा!

ही गोष्ट वाचली तेव्हा आम्हांला घरची आठवण झाली. आमचे पैगंबरसाहेब आपली पादत्राणे स्वतः सांधीत, असे हजरत आयेशांच्या कथनात येते. लहानपणी ते ऐकताना आम्हांला त्यात विशेष काही वाटले नव्हते.

कॅरीच्या नम्रतेचे आम्हांला अधिक कौतुक वाटते ते दुसऱ्याच ठिकाणी. मराठी मुलूख त्याने पाहिलेला नव्हता. तो भाषा शिकला वैजनाथ पंडितांपाशी, कॉलेजातल्या मराठीच्या मुख्य पंडितांपाशी, आणि हे ऋण त्याने आपल्या पुस्तकात नोंदवून ठेवले. कोशातले मराठी शब्द मोडीत छापले, कारण कारकून आणि व्यापारी मोडीच लिहीत. श्रीरामपुरात खिळे कोरणारे पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर हे लोहारकाम करणाऱ्या घराण्यातले. पाद्री, पंडित आणि लोहार अशा तिघांचे हात लागले तेव्हा ते काम उभे राहिले. पुस्तकावर नाव मात्र एकाचेच येते, हे आपल्या ट्रस्टच्या भिंतीवरील देणगीदारांच्या पाटीकडे पाहतानाही ध्यानात यावे. (विश्वस्तांनी रागावू नये.) कॉलेजातून मिळणारा पगार कॅरी मिशनच्या सामाईक खजिन्यात टाकी.

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली. कागदाचा साठा जळाला, खिळे वितळले, आणि कॅरीने अनेक भाषांच्या शब्दांचा मिळून रचलेल्या मोठ्या कोशाचे हस्तलिखित जळून गेले. तो त्या वेळी कलकत्त्यास होता; बातमी दुसऱ्या दिवशी कळली. राखेखाली खिळे पाडण्याचे मूळ ठसे शाबूत सापडले, छापयंत्रेही वाचली होती. मग खिळे पुन्हा ओतले आणि जळालेली भाषांतरे पुन्हा हाती घेतली. आपल्यात विशेष बुद्धी नाही, चिकाटीने रखडत राहणे तेवढे जमते, असे तो स्वतःविषयी म्हणे.

एक गोष्ट झाकून ठेवणे मात्र बरे नव्हे. त्याची पत्नी डोरोथी हिंदुस्थानात यायला मुळात राजी नव्हती. १७९४ साली मुलगा पीटर दगावला आणि तिच्या मनाचा तोल ढळला, तो १८०७ साली ती वारेपर्यंत सावरला नाही. त्याच काळात कॅरीची भाषांतरे चालू होती. त्याच्या उद्योगाचे गोडवे गाताना तिची किंमत कोणी मोजली, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये. आमच्याही घरात वह्यांचे गठ्ठे रात्री अकरापर्यंत पसरलेले असतात, आणि त्याबद्दल आम्हांला कोणी शाबासकी दिलेली नाही.

वह्यांवरून आठवले. गेल्या पावसाळ्यात निबंधाच्या चाळीस वह्या खिडकीतून आलेल्या पावसाने भिजून लगदा झाल्या. खिडकी उघडी ठेवली म्हणून आम्ही शिपायाला साऱ्या वर्गादेखत बोललो. तो गप्प राहिला. संध्याकाळी आठवले, तास संपल्यावर उकडते म्हणून खिडकी आम्हीच उघडली होती. मुलांनी निबंध पुन्हा लिहिले, आम्ही पुन्हा तपासले. तेवढे कॅरीचे अनुकरण आम्हांला साधले. शिपायाची माफी आम्ही मागितली, पण त्याला जिन्याखाली एकटा गाठून. बोललो होतो ते चाळीस मुलांसमोर. हे भाषण तयार करताना ती गोष्ट चार दिवस मनातून जाईना. शाळा सोमवारी उघडते, आणि पहिला तास त्याच वर्गावर आहे.