वाणीच्या विकारांचें शिक्षण



बारावीचे निकाल लागले कीं घरोघरीं एकच वाटाघाट सुरू होते. मुलानें वैद्यकाकडे जावें कीं यंत्रशास्त्राकडे? या दोन राजमार्गांच्या मध्यें एक लहानशी वाट आहे, आणि तिच्याकडे आपल्या सुशिक्षित घरांचेंहि फारसें लक्ष गेलेलें नाहीं. श्रवण व वाणी यांच्या विकारांचें शास्त्र शिकविणारा पदवीचा अभ्यासक्रम ही ती वाट होय. मी स्वतः त्याच वाटेनें आलेली असल्यामुळें तिच्याविषयीं चार गोष्टी आज आपणांस सांगण्याचें योजिलें आहे.

विज्ञान शाखेंतून बारावी उत्तीर्ण झालेल्यास हा अभ्यासक्रम घेतां येतो. मुदत चार वर्षांची असून त्यांपैकीं अखेरचें वर्ष प्रत्यक्ष रुग्णसेवेंतील उमेदवारीचें असतें. म्हैसूर येथील अखिल भारतीय संस्था १९६५ सालीं निघाली व मुंबईस वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ सालीं. मुंबईच्या नायर रुग्णालयाशीं जोडलेल्या महाविद्यालयांतहि हा विषय शिकवितात. १९९२ च्या कायद्याप्रमाणें भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहींत नांव असावें लागतें. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वीं त्या ठिकाणच्या अभ्यासक्रमास परिषदेची मान्यता आहे कीं नाहीं, हें पालकांनीं अवश्य पाहावें.

श्रवण आणि वाणी हे दोन विषय एकत्र कां, असें कोणी विचारील. उत्तर सोपें आहे. जें मूल ऐकत नाहीं, तें आपण होऊन बोलावयास शिकत नाहीं. म्हणून विद्यार्थ्यास आरंभीं कानाची रचना शिकावी लागते. ध्वनिरोधक खोलींत रुग्णास बसवून, २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंतचे स्वर किती मंद असतांना त्यास ऐकूं येतात याचा आलेख काढावयाचा असतो. पाठोपाठ स्वरयंत्र, जीभ, टाळू आणि मग मेंदू. १८६१ सालीं पॉल ब्रोका या फ्रेंच शस्त्रवैद्यानें, 'टां' या अक्षराखेरीज जवळजवळ कांहींच उच्चारूं न शकणाऱ्या एका रुग्णाचा मेंदू मृत्यूनंतर तपासला आणि डाव्या अर्धाच्या पुढल्या भागांत झालेली इजा दाखवून दिली. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर पुष्कळांस समोरची वस्तु ओळखतां येते, पण तिचें नांव ओठांवर येत नाहीं; त्याचें कारण तेव्हांपासून उलगडूं लागलें. अशा रुग्णांस पुन्हां बोलतें करणें, अडखळत बोलणाऱ्यास धीर व रीत देणें, दुभंगलेला टाळू शिवल्यानंतर मुलाचे उच्चार सुधारणें, इतकेंच काय पण घास नीट गिळावयास शिकविणें, हींहि कामें याच शास्त्राचीं. कारण बोलण्याचे व गिळण्याचे स्नायू बव्हंशीं एकच आहेत.

परंतु पुस्तकी ज्ञान कोठें अपुरें पडतें, तें मला एका आजीबाईंनीं शिकविलें. मी दुसऱ्या वर्षांत होतें. वऱ्हाडांतील एका चार वर्षांच्या मुलास घेऊन त्या आल्या होत्या. मीं चित्रें दाखवीत गेलें. डोळ्याच्या चित्रास तो 'डोया' म्हणाला, शाळेच्या चित्रास 'आया'. मीं तत्परतेनें लिहिलें, "ळकाराचा उच्चार सदोष." आजीबाई म्हणाल्या, "बाई, आमच्या इकडं समदे डोयाच म्हन्तेत!" आमच्या अध्यापिकाबाई पाठीमागें उभ्या होत्या. त्यांनीं शांतपणें विचारलें, "मग शाळेला यांच्या इकडे काय म्हणतात?" आजीबाईंनीं उत्तर दिलें, "शाया."

ळकाराच्या मागें लागलेल्या मला, मुलानें शकार मुळींच उच्चारला नव्हता, हें ऐकूंच आलें नव्हतें. श, स हे वर्ण उंच स्वरांचे. बाईंनीं त्याच्या हातीं मणी दिले व आवाज आला कीं एक मणी डब्यांत टाकावयाचा असा खेळ मांडला. आलेख तयार झाला, तेव्हां मंद्र स्वर त्यास नीट ऐकूं येत होते आणि उंच स्वर जवळजवळ नाहींतच, असें दिसून आलें. हांक मारली कीं तो वळून पाहत असे, म्हणून घरांत कोणास शंका आली नव्हती. माझ्या शेऱ्यावर भिस्त ठेविली असती, तर तें मूल ळकाराचे धडे गिरवीत राहिलें असतें व त्याचें बहिरेपण तसेंच झांकलें राहिलें असतें. त्यास श्रवणयंत्र मिळालें. मला धडा मिळाला.

तेव्हांपासून मी विद्यार्थ्यांस सांगतें कीं आपलीं पुस्तकें इंग्रजी आहेत, पण आपल्यापुढें येणारा रुग्ण मराठी बोलतो, आणि तीहि आपल्या गांवची. तीन नंतरचे 'चार' आणि गुरांना 'चार' म्हणतों तें, लिहावयास सारखे, परंतु त्यांतले दोन चकार निराळे. बोलीचा भेद कोणता व विकार कोणता, हें ज्यास कळत नाहीं त्याची पदवी कुचकामाची होय. येथें गुणांपेक्षां कान हवा, आणि कानापेक्षांहि धीर हवा. एक शब्द सुटा होण्यास कधीं महिने लागतात.

शेवटीं पालकांस एक विनंती. मूल बोलत नाहीं असें दिसलें, कीं "आमच्या घराण्यांत सगळींच उशिरां बोलतात," असें म्हणून वर्षें घालवूं नका. जन्मल्यावर थोड्याच दिवसांत कानाची परीक्षा करतां येते. आणि ज्या घरांत दुसऱ्याचें बोलणें मन लावून ऐकणारी मुलगी किंवा मुलगा असेल, त्यांनीं निकालानंतरच्या वाटाघाटींत या वाटेचाहि एकदां विचार करावा.